बटाट्याची मऊ कूज: ढीग बसायच्या आधी आणि बसल्यावर काय करायचं

मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, पडून गेला की दोन-तीन दिवसांत इंदूरच्या आसपासून फोन सुरू होतात, देपालपूर, सांवेर, हातोद, महू, सगळे ओळखीचेच, आणि प्रश्न ठरलेला, "ताई, आलू पाणी सोडायला लागलेत, काय मारू?" (घरात आम्ही बटाटा म्हणतो आणि चोइथराम मंडीत पाऊल टाकलं की तोच आलू होतो, इंदूरच्या मराठी घरांत हे असंच चालतं, तर लेखात दोन्ही शब्द येतील.) "काय मारू"चं उत्तर आधीच देऊन टाकते कारण त्यात लोकांचे पैसे जातात: सडायला लागलेला बटाटा वाचवणारं कुठलंही औषध नाही. स्ट्रेप्टोसायक्लिनसारखं अँटिबायोटिक मारा नाहीतर कॉपर मारा, जिवाणू बटाट्याच्या आत बसलेला असतो आणि फवारा पोचतो सालीपर्यंत. पण बाकीचा ढीग वाचवता येतो, पुढच्या वर्षीचा तर नक्कीच, आणि फवाऱ्याचे पैसे आहेत ना, ते चार मजूर जास्त लावून माल निवडण्यात घाला, जास्त कामी येतील.

मी इंदूरला मायक्रोबायोलॉजी शिकले, शेती काकांची, देपालपूरच्या रस्त्याला. ज्या वर्षी आमचा ढीग बसला, म्हणजे आतून सडून खचला, त्या वर्षी मी तिथेच होते. फेब्रुवारी महिना, काढणी होऊन आठ दिवस झालेले, मध्ये एका रात्री पाऊस आला म्हणून घाईघाईत ढिगावर ताडपत्री ओढली आणि ती तीन दिवस कोणी काढलीच नाही. चौथ्या दिवशी ढिगाचा मधला भाग वीतभर खाली गेलेला दिसला. मी बाहेरूनच बघत होते तर काका म्हणाले, "अगं लांबून काय कळणार तुला, हात घाल आत." आत कोमट होतं, कपडे वाळत नाहीत तेव्हा खोलीत जसा दमटपणा असतो तसं. एक बटाटा हाताला लागला तो वरून अगदी धड, साल जशीच्या तशी, पण अंगठा ठेवला आणि दाबायच्या आधीच तो आत गेला. आत पांढरट रवाळ लगदा, फेटलेल्या चक्क्यासारखा, आणि साल रिकाम्या पिशवीसारखी हातात राहिली. वास म्हणावा तसा नव्हताच. तो लगदा मी दगडावर ठेवला तर थोड्या वेळात त्याच्या कडा तपकिरी आणि मग काळ्या व्हायला लागल्या. दुर्गंधी येत होती ती त्याच्या खालच्या, दोन दिवस आधी फुटलेल्या बटाट्यांची.

हे वासाचं लक्षात ठेवा, फार उपयोगाचं आहे. मऊ कुजेच्या जिवाणूला सुरुवातीला वास नसतो. तो बटाटा फोडून देतो आणि मग मागून दुसरे जिवाणू येऊन घाण करतात. म्हणजे शेडमध्ये शिरताना वास आला याचा अर्थ कूज दोन-चार दिवस जुनी आहे. नाकाच्या भरवशावर राहू नका, रोज हात घाला.

ढीग आत्ताच सडत असेल तर

ताडपत्री आधी काढा, पाऊस असला तरी काढा आणि बांबू लावून ती ढिगापासून दोन-तीन फूट उंच बांधा म्हणजे खालून वारा जाईल. बंद खोलीत माल सडला असेल तर मात्र थेट आत शिरू नका, सडणारा माल खोलीतला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि खराब हवा साचते, दारं-खिडक्या उघडून तासभर हवा खेळू द्या आणि मगच जा, एकटं तर जाऊच नका.

मग ढीग एका बाजूने मोकळा करत न्या आणि सावलीत पसरा, एक थर, फार तर दोन. उन्हात पसरायचा मोह होतो कारण लवकर सुकेल असं वाटतं, पण दुपारच्या उन्हात बटाटा भाजतो, भाजलेल्या जागेतून परत तेच जिवाणू शिरतात, आणि हिरवा पडतो तो वेगळाच. पंखा असेल तर लावा. धुवायचा अजिबात नाही! चिखल आणि लगदा बघून लोक पाइप लावतात, आणि त्या एका धुण्यात पन्नास बटाट्यांचा जिवाणू पाचशे बटाट्यांना लागतो.

निवडताना माणसं वाटून द्या. सडलेला माल उचलणारा माणूस फक्त सडलेलाच उचलेल, त्याच्या हातात मोजे, त्याचं घमेलं वेगळं, आणि त्याने चांगल्या मालाला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी चांगल्यातले दोन भाग करायचे: जे पूर्ण कोरडे आहेत ते, आणि ज्यांच्यावर सडक्याचं पाणी गळलंय पण अजून टणक आहेत ते. हा दुसरा भाग फसवा असतो. तो सुकल्यावर कोरड्यासारखाच दिसतो आणि लोक त्याला परत ढिगात टाकतात. नका टाकू. तो सुकवून त्याच आठवड्यात विका किंवा घरी खा, साठवायला आणि बेण्याला, म्हणजे पुढच्या लागवडीला, तो गेला असं समजा. राख किंवा चुना टाकतात बरेच जण, त्याने वरवरची ओल थोडी ओढली जाते, पण आत शिरलेली कूज थांबत नाही, तर त्यावर विसंबून निवडणी टाळू नका.

ही मऊ कूजच आहे ना, ते बघून घ्या

कारण प्रत्येक सड वेगळी असते आणि उपायही. सडका बटाटा सुरीने उभा कापा. मऊ कुजेत सडलेला भाग आणि चांगला भाग यांच्यामधली हद्द अगदी स्पष्ट असते, बहुतेक वेळा तिथे एक काळसर रेघ असते, आणि सडलेला भाग चमच्याने उचलून काढता येतो. करप्याचा, म्हणजे पानांवरून कंदात उतरणाऱ्या रोगाचा, बटाटा असेल तर सालीखाली तांबूस-तपकिरी, कोरडा, दाणेदार भाग दिसतो आणि तो कडक असतो. सुरकुतलेला, हलका, आत पोकळी आणि पोकळीत बुरशी असेल तर ती फ्युझेरियमची सुकी कूज. कापल्यावर सालीच्या थोडं आत गोल तपकिरी कडं दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढरट चिकट थेंब आले तर तो मर रोगाचा जिवाणू, राल्स्टोनिया, आणि त्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे कारण तो मातीत वर्षानुवर्षं राहतो. मधोमध काळा पण टणक बटाटा असला तर त्यात जंतूच नाही, हवा न मिळाल्याने आतला गर मेलाय.

गोंधळ असा होतो की हे एकावर एक येतात. करपा आधी येतो, सालीतून वाट करून देतो आणि मागून मऊ कुजेचा जिवाणू येऊन सगळं पाणी करून टाकतो. 1845 नंतर आयर्लंडमध्ये जो बटाट्याचा दुष्काळ पडला त्यात सुरुवात करप्याने केली, पण साठवलेले बटाटे असे पाणी होऊन जायचे त्यात हे मागून येणारे जिवाणू होतेच. म्हणून करप्याच्या शेतातला माल कधीही लांबच्या साठवणीला ठेवू नये, मग वरून कितीही चांगला दिसो.

घरी करायची एक साधी चाचणी सांगते, मी काकांना करून दाखवली होती. एक निरोगी बटाटा स्वच्छ धुऊन पुसून घ्या, स्वच्छ सुरीने बोटभर जाड चकत्या कापा. एका चकतीत टूथपिकने भोक पाडून त्यात संशयित लगद्याचा कणभर भाग लावा, दुसऱ्या चकतीत नव्या टूथपिकने नुसतं साधं पाणी. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ओल्या कागदावर ठेवून झाकण लावा आणि घरातल्या साध्या तापमानाला एक-दोन दिवस राहू द्या. पहिली चकती भोकाभोवती लिबलिबीत झाली आणि दुसरी टणक राहिली तर मऊ कूज पसरवणारा जिवाणू त्या लगद्यात आहे. लॅबमधली चाचणी याहून पक्की, पण शेतात निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

हा जिवाणू करतो काय

लॅबच्या रिपोर्टवर याची नावं वेगवेगळी येतात म्हणून थोडं सांगते. 1901 मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला एल. आर. जोन्स यांनी गाजराच्या कुजेतून हा जिवाणू वेगळा केला आणि गाजर खाणारा अशा अर्थाचं नाव दिलं, कॅरोटोव्होरस. नंतर अनेक वर्षं तो अर्विनिया म्हणून ओळखला गेला, जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या दुकानात अजूनही तेच नाव चालतं. 1998 नंतर पेक्टोबॅक्टेरियम हे नाव रूढ झालं आणि 2005 मध्ये त्याच्यातला एक गट वेगळा काढून डिकेया म्हटला गेला. तर रिपोर्टवर अर्विनिया, पेक्टोबॅक्टेरियम, डिकेया यातलं काहीही लिहिलेलं असलं तरी घराणं तेच. फरक इतकाच की पेक्टोबॅक्टेरियममधला एक भाऊ थंडीतला आहे, तो खोड बुडापाशी काळं करतो, आणि डिकेयाला उष्णता मानवते. आपल्या माळव्यात दिवसा ऊन आणि रात्री गारवा, म्हणजे कोणाला ना कोणाला जमतंच.

पेक्टोबॅक्टेरियम हे नाव पेक्टिनवरून आलंय. पेरूची जेली ज्याने घट्ट बसते ते पेक्टिन, झाडाच्या दोन पेशींच्या मध्ये तेच सिमेंटसारखं असतं. हा जिवाणू असे एन्झाइम सोडतो की ते सिमेंट विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि बटाट्याचा लगदा. गंमत अशी की थोडे जिवाणू असताना तो गप्प बसतो. ते एकमेकांना रासायनिक निरोप सोडत असतात, आणि निरोपाचं प्रमाण पुरेसं वाढलं म्हणजे आपली संख्या झाली असं कळलं की मग सगळे मिळून एकदम एन्झाइम सोडतात. म्हणून काल टणक असलेला ढीग आज बसलेला दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे जिवाणू शेतात, पाण्यात, पिकाच्या अवशेषांत आणि चांगल्या दिसणाऱ्या बटाट्याच्या सालीवरच्या बारीक छिद्रांत आधीपासूनच असतात. आपण बाजारातून आणलेल्या बटाट्यावर सुद्धा असतील. बटाटा श्वास घेत असतो तोवर तो त्यांना अडवून धरतो. पण सालीवर पाण्याचा पातळ थर बसला की हवा आत जात नाही, 20 अंशांच्या आसपास काही तासांतच आतला ऑक्सिजन संपतो, बटाट्याचं स्वतःचं संरक्षण बंद पडतं, आणि या जिवाणूला मात्र ऑक्सिजन नसला तरी चालतं. आमच्या ढिगाला सडवणारी गोष्ट पाऊस नव्हती, पावसाचं पाणी एका दिवसात सुकलं असतं. ताडपत्रीखाली तीन दिवस तो ओला आणि कोंडलेला राहिला, तिथे खेळ संपला.

शेतातच सुरुवात होते, म्हणून शेतापासून

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, गव्हाला ते चांगलं, बटाट्याला नाही. सरी-वरंबा उंच करा आणि पाणी देताना सरीच्या निम्म्या-दोन तृतीयांशापर्यंतच चढू द्या, वरंबा वरून भिजता कामा नये. शेताचा जो कोपरा खोलगट आहे तिथून पाणी बाहेर जायला चर काढा, आणि काढणीच्या वेळी त्या कोपऱ्यातला माल वेगळा ठेवा, हे फार थोडे लोक करतात आणि ढिगाची सड बहुतेक तिथूनच निघते. पाणी साचलेल्या जागेतला बटाटा धुऊन बघितला तर सालीवर पांढरे फुगीर ठिपके दिसतात, तीच ती श्वास घ्यायची छिद्रं, पाण्याने उघडलेली.

नत्र जास्त घालू नका. बटाटा संशोधनवाले मऊ कुजेसाठी हेक्टरी 150 किलो नत्राच्या वर जाऊ नका असं सांगतात, म्हणजे एकरी साधारण 60 किलो, आणि यात डीएपीमधलं नत्रही धरायचं, नुसता युरिया मोजून चालत नाही. जास्त नत्राने पाला माजतो, साल उशिरा पक्की होते. कॅल्शियम चांगलं असेल तर पेक्टिनचं ते सिमेंट घट्ट बसतं आणि कूज कमी लागते हे खरं आहे, पण कॅल्शियम पानावर फवारून बटाट्यात उतरत नाही, ते मातीतून, कंदाच्या जवळच्या मुळांतूनच जातं. आणि आपल्या काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी ते भरपूर असतं, म्हणून मातीपरीक्षण न करता जिप्समच्या गोण्या आणू नका.

झाडाच्या बुडाशी मातीची भर नीट द्या म्हणजे कंद उघडे पडणार नाहीत. खोड बुडापासून काळं पडून कोलमडलेलं झाड दिसलं तर कंदासकट उपटून पिशवीत घालून बाहेर न्या, बांधावर टाकू नका. आणि सलग बटाट्यावर बटाटा नको. हा जिवाणू बीजाणू करत नाही, कोरड्या मोकळ्या मातीत एकटा फार काळ टिकत नाही, तो टिकतो राहून गेलेल्या कंदांत आणि ओल्या अवशेषांत. सोयाबीन, बटाटा, मग गहू असा फेर आपल्याकडे आहेच, गव्हात उगवून येणारे चुकार बटाटे तेवढे उपटले पाहिजेत.

काढणीचे शेवटचे तीन आठवडे

इथे मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगते कारण आमच्या नुकसानीची सुरुवात इथेच झाली होती. काढणीच्या आधी दहा-बारा दिवस पाणी बंद. पाला कापा आणि मग दहा ते पंधरा दिवस बटाटा जमिनीतच राहू द्या, त्याने साल पक्की होते. साल पक्की झाली का हे बघायला चार-पाच ठिकाणचे बटाटे उपटा आणि अंगठ्याने जोर देऊन घासा, साल सरकली तर अजून थांबा. त्या वर्षी मंडीत भाव चढलेला होता म्हणून काकांनी पाला कापून पाचव्याच दिवशी डिगर, म्हणजे बटाटे उकरणारं यंत्र, घातलं. मी तेव्हा बोलले नाही कारण मला वाटलं त्यांचा अनुभव मोठा, आणि काकांना नंतर वाटत राहिलं की दोन दिवस थांबलो असतो तर.

फार उशीरही नको. मातीचं तापमान 28 अंशांच्या वर जायच्या आत काढणी उरकलेली बरी. सकाळी दव सुकल्यावर सुरुवात करा, दुपारी कडक ऊन असेल तर काढलेला माल लगेच सावलीत हलवा. पाऊस झाला असेल तर माती वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जादा ओल उतरून ती मोकळी होईपर्यंत, डिगर घालू नका, ओल्या मातीत बटाटा चिखलाने माखून निघतो आणि तो चिखल म्हणजे पुन्हा हवा बंद.

आणि आपटू नका! ट्रॉलीत उभं राहून घमेलं रिकामं करतात तेव्हा बटाटा चार-पाच फुटांवरून पडतो, वरून काही दिसत नाही, आत तडा जातो. ट्रॉलीच्या तळाला पोती किंवा पराळ (पेंढा) पसरा, एका फुटाच्या वरून टाकायचं नाही असं हम्मालांना आधीच सांगून ठेवा, भरलेल्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, बसायचं नाही हेही. कापलेला, सोललेला, किडका माल शेतातच बाजूला काढा.

सुकवणं आणि जखम भरू देणं

काढलेला बटाटा लगेच कोल्ड स्टोरेजला पाठवू नका, ही चूक भल्याभल्यांकडून होते. बटाट्याला जखम झाली की तो त्यावर बुचासारखा थर तयार करतो, पण त्याला थोडी ऊब लागते. 15 ते 20 अंशांत तो थर आठवडाभरात बऱ्यापैकी बसतो, 10 अंशांत दोन आठवडे तरी घेतो, आणि 5 अंशांच्या खाली जवळजवळ होतच नाही. म्हणजे ताजा खरचटलेला माल थेट थंडीत गेला तर जखमा उघड्याच राहिल्या, आणि कोल्डमधून बाहेर काढल्यावर त्या बोलतात. शेडमध्ये सावलीला दहा-पंधरा दिवस ढीग लावा, उंची दीड मीटरच्या आत, रुंदी साडेतीन मीटरपर्यंत, वर पराळाचा थर, प्लास्टिक नाही. आमच्याकडे आता ढिगाच्या मधून बांबूच्या जाळीची उभी नळी घालतात म्हणजे आतली गरम हवा वर निघून जाते. रोज संध्याकाळी कोपरापर्यंत हात घालायचा, दोन-तीन ठिकाणी. आत बाहेरपेक्षा गरम आणि दमट लागलं की ढीग उघडायचा, उद्यावर टाकायचं नाही. मग दुसरी निवडणी, आणि मगच कट्टे भरायचे.

बेण्याच्या बटाट्याला कोल्डमध्ये घालायच्या आधी 3 टक्के बोरिक ॲसिडच्या पाण्यात, म्हणजे 10 लिटरला 300 ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवायची शिफारस आहे. ही फक्त बेण्यासाठी, खायच्या मालाला नाही. आणि माझं मत विचाराल तर पूर्ण सुकवायला जागा, पंखे आणि हवा कोरडी असेल तरच करा, अर्धवट ओलं बेणं कट्ट्यात भरण्यापेक्षा न बुडवलेलं कोरडं बेणं केव्हाही चांगलं.

बारदान जुनं असेल तर कडक उन्हात उलटंसुलटं दोन-तीन दिवस वाळवा. प्लास्टिकचे क्रेट असतील तर आधी माती घासून काढा आणि मग 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवा, चिखल तसाच ठेवून बुडवलं तर ब्लीचिंग चिखलातच संपतं. क्रेट पुन्हा साध्या पाण्याने धुऊन वाळवा, आणि त्या पाण्यात ॲसिड वगैरे काही मिसळू नका.

कोल्ड स्टोरेज

बेणं आणि रोजच्या भाजीचा माल 2 ते 4 अंशांना ठेवतात, चिप्सचा माल 10 ते 12 अंशांना कारण जास्त थंडीत बटाटा गोड होतो आणि तळल्यावर काळा पडतो. इंदूरच्या आजूबाजूचा आलू चिप्सवाल्यांना आवडतो तर आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची साठवण बरीच असते, आणि 10-12 अंशांत जिवाणू मंदावतो पण झोपत नाही, म्हणून चिप्सच्या मालाची निवडणी दुप्पट कडक पाहिजे. कट्टे भिंतीला चिकटवून लावू देऊ नका, रांगांमध्ये हवेला वाट हवी. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन आपली रांग बघा आणि खालच्या कट्ट्यांना हात लावा, ओलसर डाग असलेला कट्टा त्याच दिवशी बाहेर.

बाहेर काढतानाचा धोका लोकांना माहीत नसतो. फ्रिजमधून बाटली काढली की तिच्यावर पाणी जमतं ना, बटाट्याचंही तसंच होतं, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर ओलाचिंब होतो. त्या ओल्या बटाट्याची लगेच निवडणी, लगेच कट्टे आणि लगेच ट्रक, मग मंडीत पोचेपर्यंत पाणी सुटतं आणि भांडण आडत्याशी होतं. कोल्डच्या बाहेरच्या हॉलमध्ये पंख्याखाली किमान एक दिवस ठेवा, हाताला थंड लागायचा थांबला आणि कोरडा झाला की मगच हलवा. मालाला चमक यावी म्हणून धुऊन विकायचं असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्याने, पूर्ण वाळवून, आणि त्याच दोन-तीन दिवसांत विकला जाईल एवढाच.

सडलेल्याचं काय करायचं

नाल्यात, विहिरीजवळ, बांधावर नाही. पाण्यातून तो परत तुमच्याच शेतात येईल, आणि माश्या-चिलटांच्या पायांनीही येतो. एक तर खोल खड्डा, वरून दोन फूट माती. किंवा नीट तापलेलं कंपोस्ट, आणि इंदूरच्या माणसाला कंपोस्ट मी काय शिकवणार, 1924 पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच शेतीचं काम उभं केलं, आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे तिथे, आणि त्यांची खताची रीत जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. थर लावायचे, हवा राहू द्यायची, ढीग उलटायचा. आतलं तापमान 55 अंशांच्या वर काही दिवस राहिलं आणि उलटून बाहेरचं आत गेलं तर हा जिवाणू मरतो. पण नुसते सडके बटाटे शेणाच्या खड्ड्यात टाकून वर्षाने पसरले तर ते कंपोस्ट नाही, आणि तसलं खत बटाट्याच्या किंवा कोबीच्या शेतात नको.

कांदा, कोबी आणि केळी

हेच घराणं बाकी पिकांतही आहे. कांद्यात कूज मानेतून उतरते, म्हणून मान सुकणं हे सर्वस्व. निम्म्या पाती पडल्या की काढणी, त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद, शेतात तीन-चार दिवस पातीने कांदा झाकत ओळीने सुकवायचा, मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-बारा दिवस. अगदी बुडाशी मान कापली की दार उघडं. कांद्याचे बाहेरचे एक-दोन पापुद्रे पिवळट घसरडे आणि व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर तो बर्कहोल्डेरिया नावाचा वेगळा जिवाणू, पण काळजी तीच.

फुलकोबीवर पावसाचं पाणी साचून तपकिरी डाग पडले की दोन दिवसांत गड्डा जातो, कापणीची सुरी झाडागणिक पुसत चला. बुऱ्हाणपूरकडे केळीचं झाड बुंध्यापाशी मोडून पडतं आणि गड्डा घाण मारतो, त्यातही बहुतेक वेळा हेच, आणि तिथेही साचलेलं पाणी हेच मूळ.

पुढच्या लागवडीचं बेणं

बेणं ओळखीच्या शेतातून घ्या, सरकारी साखळीतलं मिळालं तर उत्तमच, ग्वाल्हेरला केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे बियाण्याचं काम चालतं. आपल्याकडची जुनी जात कुफ्री लवकर, 1972 ची, तिच्या नावातच आपला मराठी शब्द आहे, ती लवकर तयार होते म्हणून लोक लागवडीचीही घाई करतात. तसं करू नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमीन तापलेली असते आणि वर पाणी दिलं की बेणं उगवायच्या आधीच सडतं. दिवसाचं तापमान 30 च्या आसपास आणि रात्रीचं 20 च्या खाली यायला लागलं की, म्हणजे माळव्यात साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून, लावा.

लागवडीच्या दहा-पंधरा दिवस आधी बेणं कोल्डमधून काढून घरात अंधुक उजेडात पातळ पसरा, कोंब जाड आणि हिरवट येतील. या दिवसांत मऊ पडेल तो बटाटा उचलून टाका, शेजारचे दोन-तीनही टाका. शक्यतो 40-50 ग्रॅमचं अख्खं बेणं वापरा. कापावंच लागलं तर दोन सुऱ्या ठेवा, एक ब्लीचिंगच्या पाण्यात असताना दुसरीने कापायचं, आणि आतून डाग दिसला की सुरी लगेच बदलायची. कापलेले तुकडे सावलीत एक-दोन दिवस पातळ पसरून ठेवा, हात लावल्यावर कापलेली बाजू कोरडी, किंचित खरखरीत लागली पाहिजे. काकांकडे हे काम आता काकू बघते, ओट्यावर गोणपाट पसरून, आणि ती प्रत्येक तुकड्यावरून अंगठा फिरवते. जो चिकट लागतो तो तुकडा शेतात जात नाही. लावल्यावर पहिलं पाणी हलकं द्या आणि उगवण दिसेपर्यंत वरंबा ओला राहील असं काही करू नका.